सोयरीक: मराठी वाचकासाठी मंगांची सूची

परळ-लालबागच्या चाळींत आणि टॉवरांत, गिरगावच्या वाड्यांत आज मंगा वाचणारी पिढी वाढते आहे. त्याच घरांत, कित्येकदा त्याच फळीवर, नारायण सुर्वे असतात, बाबुराव बागूल असतात, पु. ल. असतात. मुलगी ‘वन पीस’चा नवा खंड घेऊन येते. वडील तो चाळतात, तेव्हा त्यांना मोठाल्या डोळ्यांची माणसं आणि हाणामारी दिसते. वडिलांचं पुस्तक मुलीला परीक्षेच्या धड्यासारखं वाटतं. दोघंही मनापासून वाचणारी, पण एकमेकांच्या पुस्तकांशी त्यांची ओळख कुणी करून दिलेली नाही. पुढची सूची त्या ओळखीसाठी केली आहे.

सूचीची रचना साधी आहे. प्रत्येक नोंदीत एक मराठी पुस्तक आणि एक जपानी चित्रकथा शेजारी शेजारी ठेवली आहे, आणि ती का ठेवली ते दोन-चार ओळींत सांगितलं आहे. जोड्या जमवताना एकच कसोटी लावली: दोन्ही गोष्टींच्या तळाशी एकच प्रश्न आहे का? काळ, देश, पेहराव, हत्यारं, चित्रांची शैली यांतलं काहीही जुळलं नाही तरी चालेल. प्रश्न मात्र जुळला पाहिजे.

एवढं ठासून सांगण्याचं कारण असं, की मंगा सुचवण्याची रूढ रीत याच्या अगदी उलट आहे. शोनेन, शोजो, सेइनेन ही नावं वाचकांच्या तोंडी असतात. मुळात ती मासिकं-साप्ताहिकं कोणत्या ग्राहकासाठी निघतात ते सांगणारी नावं आहेत: मुलग्यांसाठी, मुलींसाठी, प्रौढ पुरुषांसाठी. गोष्ट कशाबद्दल आहे हे त्यांतून कळत नाही. तरीही सगळ्या शिफारशी त्यांवरच चालतात. हाजिमे इसायामा यांची ‘अटॅक ऑन टायटन’ (2009 ते 2021) घ्या. ती आवडली म्हटल्यावर वाचकाच्या हातात अक्राळविक्राळ राक्षसांची दुसरी मालिका ठेवली जाते. पण त्या कथेच्या उत्तरार्धात एका वंशाच्या माणसांना वेगळ्या वस्तीत कोंडलेलं आहे, दंडावर पट्टी बांधल्याशिवाय त्यांना बाहेर पडता येत नाही, आणि त्यांची लहान मुलं स्वतःच्याच रक्ताला शाप समजायला शिकतात. ज्या वाचकाची झोप त्या पट्टीनं उडवली, त्याला आणखी राक्षस देऊन काय साधणार? त्याला बागुलांची कथा द्यायला हवी. आणि ज्याला बागुलांची कथा आधीच ठाऊक आहे, त्याला ही मालिका बिनधास्त सुचवावी.

आपल्याकडे पुस्तक सुचवण्याची चांगली रीत होती आणि ती वाचनालयांनी घडवली. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय 1898 साली सुरू झालं, शहरभर त्याच्या शाखा पसरल्या. त्याखेरीज दादर, गिरगाव, परळमध्ये गल्लोगल्ली खासगी सर्क्युलेटिंग लायब्ररी होत्या: थोडं डिपॉझिट, महिन्याची वर्गणी, दिवाळी अंकांची वेगळी योजना. काउंटरवरच्या माणसाला सभासदाची आवड नावानिशी ठाऊक असे. अर्नाळकरांच्या रहस्यकथा संपवलेल्या पोराला तो वर्षभरात भाऊ पाध्यांपर्यंत आणून सोडायचा, कारण त्या पोराला खुनापेक्षा गल्लीतल्या माणसांत जास्त रस आहे हे त्यानं हेरलेलं असायचं. माझ्या मते शिफारशीची खरी कला तीच: वाचकाला नेमकं काय आवडलं, हे कधी कधी त्याच्याही आधी ओळखणं.

जपानी चित्रकथेचा एक मोठा प्रवाह अशाच भाड्याच्या पुस्तकांवर पोसला, हे मराठी वाचकाला मुद्दाम सांगायला हवं. युद्धानंतरच्या जपानमध्ये पुस्तक विकत घेणं सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होतं. मोहल्ल्या-मोहल्ल्यांतली दुकानं चार-दोन येन घेऊन पुस्तक घरी न्यायला देत. या ‘काशिहोन’ दुकानांसाठीच छापल्या जाणाऱ्या चित्रकथांवर योशिहिरो तात्सुमी, सानपेई शिरातो, शिगेरू मिझुकी यांनी उमेदीच्या काळात पोट भरलं. त्यांचा वाचक दुकानात राबणारा पोऱ्या होता, कारखान्यातला कामगार होता. त्याला बाळबोध गोष्टी नको होत्या. तात्सुमींनी 1957 मध्ये आपल्या कामाला ‘गेकिगा’ हे नवं नाव दिलं ते याच वाचकाकडे बघून. 1959 मध्ये ‘शोनेन मॅगझिन’ आणि ‘शोनेन संडे’ ही साप्ताहिकं निघाली, पाठोपाठ घरोघरी टीव्ही आला, आणि काशिहोनची दुकानं मिटत गेली. चित्रकार मात्र टिकले आणि पुढे थोर ठरले. गिरणगावातल्या वाचकाला यांची पुस्तकं जवळची वाटतात ती काही योगायोगानं नव्हे. ती तशाच वाचकासाठी काढलेली आहेत.

सूचीतली पहिली जोडी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून तिच्यावर थोडं सविस्तर लिहितो. माटुंगा लेबर कॅम्पात वाढलेल्या बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह 1963 मध्ये आला. रेल्वेत नोकरीला लागलेला तरुण परमुलखात आपली जात लपवतो, त्या लपवण्याचा जाच आणि उघड झाल्यानंतरचा मार, हा शीर्षककथेचा गाभा. बरोबर पुढच्याच वर्षी, 1964 मध्ये, टोकियोत ‘गारो’ नावाचं मासिक निघालं आणि त्यात सानपेई शिरातो यांची ‘कामुई-देन’ सुरू झाली. ती 1971 पर्यंत चालली. कामुई हा एदो काळातल्या अस्पृश्य वस्तीतला पोरगा. जनावरांची कातडी सोलणं, गुन्हेगारांना सुळावर चढवणं ही कामं त्याच्या लोकांच्या माथी मारलेली. शेतकऱ्यांनी डोकं वर काढलं की सरदार याच वस्तीतल्या माणसांना त्यांच्यावर सोडतात. दोन्ही बाजूचे दरिद्री एकमेकांची डोकी फोडतात आणि किल्ला शाबूत राहतो. शोसुके हा शेतकऱ्याचा मुलगा आणि नाना ही अस्पृश्य वस्तीतली मुलगी यांचं लग्न हा त्या प्रचंड कथेतला सर्वांत धाडसी प्रसंग आहे, असं माझं मत आहे. निन्जांची कथा म्हणून ती विकली गेली, विद्यार्थ्यांनी ती समाजशास्त्राच्या पुस्तकासारखी वाचली.

जपानी सरकारनं 1871 मध्ये कायद्यानं ही अस्पृश्यता संपवली. प्रत्यक्षात ती नोकरीत, लग्नात, घर शोधताना उरलीच, आणि 1922 मध्ये त्या समाजानं क्योतोत ‘सुइहेइशा’ ही स्वतःची संघटना उभी केली. आपल्या महाडच्या सत्याग्रहाच्या पाच वर्षं आधीची ही घटना. ही तारीख ठाऊक असलेला मराठी वाचक ‘कामुई-देन’ वाचेल तो वेगळ्याच तयारीनं. आणि ‘गारो’ हे साठच्या दशकातलं बंडखोर मासिक समजायला आपल्या लघुनियतकालिकांच्या चळवळीपेक्षा चांगली वाट नाही. राजा ढाले, नामदेव ढसाळ, पुढे 1972 ची दलित पँथर हे सगळं ज्यांनी वाचलंय त्यांना ‘गारो’चा सूर लगेच ओळखीचा वाटेल.

बागुलांच्याच शेजारी ओसामू तेझुका यांची ‘बुद्ध’ (1972 ते 1983) ठेवली आहे. नाव ऐकून कुणी ते चरित्र समजेल. पण सुरुवातीचा मोठा भाग सिद्धार्थाचा नाहीच. तो चाप्रा नावाच्या शूद्र गुलाम पोराचा आहे. कोसलच्या सेनापतीचा जीव वाचवून तो त्याचा मानलेला मुलगा होतो, आणि आपलं मूळ लपवून दरबारात वर चढत जातो. दासी असलेली त्याची आई मात्र त्याला सोडवत नाही, आणि आईची ओढच त्याचं गुपित फोडते. म्हणजे इथेही जात चोरलेला एक मुलगा आहे. तेझुकांनी हे पात्र स्वतः रचलं, बौद्ध ग्रंथांत ते नाही. बुद्धाची गोष्ट सांगायला बसलेल्या जपानी चित्रकाराला आधी या मुलाची गोष्ट सांगावीशी वाटली, याचं मला फार मोल वाटतं.

इथे फरकही सांगितला पाहिजे, नाहीतर जोडी फसवी ठरेल. दादरच्या राजगृहात पुस्तकांमध्ये राहिलेल्या बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ 1957 मध्ये, त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी वृद्ध, रोगी, प्रेत आणि संन्यासी दिसल्यामुळे सिद्धार्थानं घर सोडलं ही पारंपरिक कथा नाकारली. 29 वर्षांच्या माणसानं तोवर म्हातारपण किंवा मरण पाहिलंच नव्हतं, हे कसं मानायचं, असा त्यांचा सवाल होता. त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात झालेला तंटा पुढे आणला. तेझुकांच्या इंग्रजी आवृत्तीच्या दुसऱ्या खंडाचं नावच चार भेटींवरून दिलेलं आहे, आणि त्यांच्या कथेत प्राण्यांच्या शरीरात शिरणारा तत्तासुद्धा आहे. 6 डिसेंबरला शिवाजी पार्कच्या पुस्तकांच्या स्टॉलवरून ग्रंथ घेऊन जाणाऱ्या वाचकाला हा चमत्कारांचा बुद्ध खटकेल. खटकावाच. दोन्ही पुस्तकं वाचून मग भांडावं. चांगल्या जोडीतून भांडणही चांगलं निघतं.

आता गिरणगाव. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपानं अडीच लाखांच्या आसपास कामगारांची घरं बदलून टाकली. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ (1997) या नाटकात संपानंतर खचलेल्या घरातली आई आहे आणि तिची चार दिशांना भरकटलेली मुलं आहेत. गिरण्यांच्या जमिनींवर मॉल आणि टॉवर उभे राहिले तो पुढचा अंक त्यांच्या ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ या संग्रहात येतो, ज्याला 2012 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्या संग्रहाशेजारी मी तायो मात्सुमोतो यांची ‘तेक्कोनकिंक्रीत’ (1993-94) ठेवली आहे. ताकारा-चो नावाच्या जुनाट, गजबजलेल्या वस्तीत कुरो आणि शिरो ही दोन अनाथ मुलं राहतात. नावांचा अर्थ काळा आणि पांढरा. एक हाडाचा भांडखोर, दुसरा भाबडा. वस्ती पाडून तिथे मुलांसाठी करमणूक केंद्र बांधायचा बेत बाहेरून आलेली माणसं करतात. जुने गुंडही त्यांच्यापुढे अगतिक होतात, कारण त्यांचाही जीव त्या गल्ल्यांत अडकलेला. लोअर परळच्या पुलावरून गिरणीच्या आवारातला झगमगाट पाहिलेल्या माणसाला ही कथा समजावून सांगावी लागणार नाही. मात्सुमोतोंची रेघ वाकडीतिकडी आहे, इमारती कलंडलेल्या वाटतात. पहिली वीस पानं डोळ्यांना त्रास होईल. नेटानं पुढे जावं.

सुर्व्यांच्या ‘माझे विद्यापीठ’ला (1966) जोडी आहे ती ‘आशिता नो जो’ची, 1968 ते 1973. लेखन आसाओ ताकामोरी यांचं, चित्रं तेत्सुया चिबांची. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगारानं उचलून वाढवलेलं पोर रस्त्यावर शिकलं आणि कवी झालं, हे मराठी माणसाला ठाऊक आहे. जो याबुकी हाही अनाथ. टोकियोतल्या सान्या या रोजंदारीवरच्या मजुरांच्या वस्तीत तो येतो आणि दारूच्या आहारी गेलेला एक जुना मुष्टियोद्धा त्याला हाताशी धरतो. जोचा प्रतिस्पर्धी रिकिइशी त्याच्याशी लढता यावं म्हणून शरीर वाळवून वजन उतरवतो आणि त्यातच जातो. 24 मार्च 1970 ला टोकियोत या काल्पनिक खेळाडूचा खराखुरा अंत्यविधी झाला. नाटककार-कवी शुजी तेरायामा यांनी पुढाकार घेतला, शेकडो माणसं आली. लालबाग-परळच्या व्यायामशाळांतून आणि कबड्डीच्या मैदानांवरून वाढलेल्या कुणालाही त्या गर्दीचं मन कळेल. जिथे वर जायच्या वाटा मोजक्या असतात, तिथे खेळाडू साऱ्या वस्तीचा असतो. ‘स्लॅम डंक’ किंवा ‘हायक्यू’ वाचणाऱ्या आजच्या मुलांना मी आवर्जून सांगेन, की तुमच्या आवडत्या मालिकांचा हा खापरपणजोबा आहे आणि तो त्यांच्यापेक्षा कठोर आहे.

भुतांच्या बाबतीत वाचकाची आवड नीट चाचपावी लागते. नारायण धारपांच्या कथांतलं भय बाहेरून, अज्ञातातून येतं आणि सरळमार्गी माणसाच्या आयुष्याला भोक पाडतं. ते भय ज्याला हवं त्याला जुंजी इतो यांची ‘उझुमाकी’ (1998-99) द्यावी. तिच्यात एका गावाला चक्राकार आकृतीचंच वेड लागतं. पण गिरणगावात कोकणातून आलेल्या आज्यांनी जी भुतं सोबत आणली, तो पिंपळावरचा मुंजा, पाण्यातला गिऱ्हा, देवचार, खवीस, जखीण, ती वेगळी. त्यांना नाव, गाव, सवयी आणि मानपान असतो. त्यांचा माणूस शिगेरू मिझुकी. साकाइमिनातो या बंदराच्या गावात एका म्हातारीनं त्यांना लहानपणी असली भुतं ओळखायला शिकवली. तिच्यावरच्या ‘नोननबा’ (1977) या पुस्तकाला 2007 मध्ये फ्रान्समधल्या आंगुलेमच्या महोत्सवात सर्वोत्कृष्ट चित्रकथेचा मान मिळाला. मिझुकींचा डावा हात दुसऱ्या महायुद्धात न्यू ब्रिटन बेटावर गेला. राहिलेल्या एका हातानं त्यांनी जन्मभर त्या म्हातारीची भुतं काढली, आणि माणसं भुतांपेक्षा किती भयंकर वागतात हे युद्धावरच्या पुस्तकांतून सांगितलं. एकाच दुकानात ‘भयकथा’ अशी पाटी लावून इतो आणि मिझुकी शेजारी ठेवतात, ते मला पटत नाही.

‘बटाट्याची चाळ’ची (1958) जोडी सगळ्यांना आवडेल: रुमिको ताकाहाशी यांची ‘मेझोन इक्कोकू’, 1980 ते 1987. टोकियोतलं मोडकळीला आलेलं भाड्याचं घर, कागदासारख्या भिंती, परवानगी न विचारता खोलीत शिरणारे शेजारी, प्रवेशपरीक्षेत नापास झालेला गोदाई. पण गमतीच्या आत एक गंभीर गोष्ट आहे. घराची व्यवस्थापक क्योको ही तरुण विधवा आहे. गेलेल्या नवऱ्याचं नाव तिनं कुत्र्याला ठेवलंय. दुसरं लग्न केलं तर पहिल्याच्या आठवणीचं काय, हा तिचा पेच सात वर्षं सावकाश सुटत जातो. विधवांच्या प्रश्नावर आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात सभा गाजल्या. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’मधल्या यमूला समाज छळतो. क्योकोला समाज फारसं काही म्हणत नाही, तरी तिला पाऊल उचलायला इतका वेळ लागतो. ही दोन पुस्तकं पाठोपाठ वाचली, तर कायदा आणि रूढी बाजूला झाल्यावरही माणसाच्या मनात काय उरतं ते दिसतं.

बाकीच्या जोड्यांबद्दल सूचीतच लिहिलं आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’सोबत फुमियो कोनो यांची हिरोशिमाजवळच्या कुरे बंदरातल्या सुनेची कथा, प्रकाश नारायण संतांच्या लंपनसोबत ‘योत्सुबा’, सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’सोबत गेंगोरो तागामे यांची ‘माय ब्रदर्स हजबंड’. पाध्यांच्या ‘वासूनाका’ला तात्सुमींच्या कथा मी बऱ्याच विचारानं जोडल्या. पाध्यांचे टोळभैरव बोलतात फार, तात्सुमींचा माणूस पानंच्या पानं तोंड उघडत नाही. कोंडी एकच आहे.

व्यवहाराच्या दोन गोष्टी. जपानी पुस्तकं बहुधा शेवटाकडून उघडायची असतात, चौकटीही उजवीकडून डावीकडे वाचायच्या. सवय लवकर होते. दुसरी अडचण खरी आहे. यांतलं जवळजवळ सगळं मराठी वाचकापर्यंत इंग्रजीतून पोचतं, आणि शिरातो-तात्सुमींसारख्यांची आयात पुस्तकं महाग पडतात. युकिची यामामात्सु नावाचे एक चित्रकार 2004 मध्ये थेट दिल्लीत आले, मंगा हिंदीत करून घेतली आणि रस्त्यावर उभे राहून विकू लागले. धंदा झाला नाही, पण भारतीय वाचकाकडे त्याच्या भाषेत जावं हे त्यांना कळलं होतं. नाकाझावांची हिरोशिमावरची ‘गेन’ हिंदीत आली. मराठी प्रकाशकांनी या सूचीतली निदान दोन-तीन नावं मनावर घ्यावीत. ‘कामुई-देन’ मराठीत यायला हवी, असा माझा ठाम आग्रह आहे.

तोवर विनंती वाचनालयांना. दादर, नायगाव, गिरगाव, परळच्या ग्रंथालयांनी मंगांसाठी वेगळं ‘बालविभाग’ कपाट करू नये. ‘कामुई-देन’ बागुलांच्या शेजारी लावावी, मिझुकी लोककथांच्या कपाटात लावावेत, आणि काउंटरवर बसणाऱ्यांनी ही पुस्तकं स्वतः वाचावीत. वाचकांना विनंती अशी, की ज्या जोड्या चुकल्या वाटतील त्या खोडाव्यात आणि स्वतःच्या लिहाव्यात. त्यासाठी प्रत्येक नोंदीखाली जागा सोडली आहे. कुठून सुरुवात करावी असं विचाराल तर तेझुकांचा ‘बुद्ध’ घ्या. इंग्रजीत आठ खंड आहेत, भारतीय आवृत्तीही निघालेली आहे, आणि पहिल्याच खंडात चाप्रा भेटतो.